मिठाचे दगड

आमचे घरमालक दगड चाटायचे. गारखेड्यातल्या त्यांच्या घराची वरची खोली बघायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते अंगणात उकिडवे बसून एका काळ्या दगडाला जीभ लावून बघत होते. मी फाटकात उभी, हातात कपड्यांची पिशवी. त्यांनी जीभ आत घेतली, मिशा पुसल्या आणि विचारलं, "येताना पायाखाली काय आलं?"

मला वाटलं, आपण काहीतरी तुडवून आलो. मी चप्पल उलटी करून पाहिली आणि म्हटलं, "काही नाही."

"काही नाही कसं? रस्ता आला ना? खडी कुठली होती?"

रस्त्यावरची खडी कुठली आहे हे माहीत असणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि ते मला का माहीत असावं हेही कळेना. तेवढ्यात पदराला हात पुसत काकू बाहेर आल्या. "खोली बघायला आलीय ती," त्या म्हणाल्या, "तिला खोली दाखवा. खडी मागून दाखवा." मग माझ्याकडं वळून, "घाबरू नको गं. चावत नाहीत. नुसतं चाटतात."

मी खोली घेतली. आमच्या शहरात खोली बघायला जाणारं माणूस आधी पाण्याची टाकी बघतं, आणि त्यांची टाकी चांगली मोठी होती. औरंगपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये मी गणित शिकवायचे. दिवसभर पोरांशी डोकं लावून घरी यायचं, तर फाटकात हे उभे. मला कधी "कशी आहेस" म्हणून त्यांनी विचारलं नाही. पायाखाली काय आलं, एवढंच. पुढंपुढं मीही थापा मारायला शिकले. "पैठणकडची खडी होती सर," म्हणायचे. ते लगेच ओळखायचे. "पैठणकडं मुरूम. खोटं बोलायचं तर अभ्यास करून बोलावं."

ते एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. पोरांनी त्यांचं नाव दगडमास्तर ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्याचा त्यांना रागही नव्हता. उलट एखादा जुना विद्यार्थी भर बाजारात "नमस्कार सर" म्हणाला, की ते म्हणायचे, "अरे, खरं नाव घे की."

गल्लीत त्यांची कीर्ती तऱ्हेवाईक म्हणूनच होती. शेजारच्यांनी फाटकाशी शोभेला म्हणून शेतातून एक घडीव दगड आणून रोवला, तर हे त्यांच्या दारात जाऊन बसले. हा जिथला आहे तिथं नेऊन ठेवा, म्हणाले. शेजारी वैतागले, "सर, तुम्हाला काय त्रास आहे?" तर म्हणाले, "मला नाही. त्याला आहे." शेवटी शेजाऱ्यांनी कंटाळून तो दगड गाडीत घालून परत नेला. गंमत म्हणजे स्वतः दगडमास्तरांच्या घरात दगड नव्हता. अंगणात जे यायचे ते बघून, चाटून, आणले त्याच जागी परत जायचे. काकूंना वरवंटासुद्धा त्यांनी कुरकुर करत घेऊ दिला होता.

काकू म्हणायच्या, "आमच्यावर सवत आहे गं. पण ती टेकडीवर राहते, म्हणून निभावतंय."

ही टेकडी फर्दापूरच्या पुढं, जळगावच्या रस्त्यापासून थोडी आत. कुठल्याशा लग्नाला जाताना त्यांची एसटी तिथं बंद पडली होती. सगळे उतरून झाडाखाली बसले आणि हे आडोसा शोधत वर गेले. "माझ्या आयुष्यातला एकुलता एक शोध मी लघवीला गेलो असताना लागला," असं ते चारचौघांत सांगायचे आणि काकू डोक्याला हात लावायच्या.

वर दगडांची वर्तुळं होती. गुडघ्याएवढे उभे दगड, एकमेकांना खेटून गोल रोवलेले. काही वर्तुळं सबंध, काही अर्धी ढासळलेली, काहींचे नुसते दोन-चार दगड गवतातून डोकं काढून. उताराच्या मधोमध एक सगळ्यांत मोठं. टेकडीचा स्वतःचा दगड तांबूस, भोकाभोकांचा, हाताला भुसभुशीत लागणारा. आणि वर्तुळांचे दगड काळेकुळकुळीत, घट्ट. तसा दगड खाली नदीच्या पात्रात सापडतो, आणि नदी तिथून चांगली लांब आहे.

"दगड आपल्या पायानं चढ चढत नाही," मास्तर म्हणायचे. "कुणीतरी उचलून आणला. एवढं वजन माणूस उगाच उचलत नाही. कशासाठी आणला?"

हा प्रश्न ते मला विचारायचे, काकूंना विचारायचे, दूधवाल्याला विचारायचे. स्वतःचं उत्तर त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. ही फार जुन्या माणसांची थडगी आहेत, लेण्यांच्याही आधीची. पण त्यावर कोरलेलं अक्षर नाही की चित्र नाही. शेजारी जगभरातले लोक लेणी बघायला येतात आणि ह्या टेकडीवर बकरंसुद्धा नाइलाजानं चढतं, याचं त्यांना दुःख नव्हतं. ते म्हणायचे, "लेणीवाल्यांनी सगळं सांगून ठेवलंय. ह्यांनी काही सांगितलं नाही. न सांगणाऱ्याकडं जास्त लक्ष द्यावं लागतं पोरी."

रविवारी मला सुट्टी असायची आणि ती त्यांनी हळूहळू खाऊन टाकली. सकाळी पहिल्या एसटीनं निघायचं. काकूंनी भाकरी, ठेचा, कांदा बांधून दिलेला. फर्दापूरला उतरलं की चमकणारे स्फटिक विकणारे दुकानदार गाडीतून उतरलेल्या प्रत्येक माणसाच्या मागं लागायचे. मास्तरांच्या मात्र कुणी नादी लागत नसे. एक म्हातारा दुकानदार तेवढा हाक मारायचा, "क्या मास्तर, हमारे पत्थर कू देखते बी नई? इत्ते चमकते!"

"चाचा, ये पत्थर घर छोड के आये," मास्तर म्हणायचे, "मेरे वाले घर मेंच बैठे हैं."

वर पोचलं की पहिल्या वर्तुळाच्या बाहेर ते चपला काढायचे आणि मलाही काढायला लावायचे. कुसळं, काटे, तापलेली जमीन. मी पहिल्याच रविवारी कटकट केली, तर म्हणाले, "कुणाच्या घरात चपला घालून जातेस का?"

मग पिशवीतून आरसा निघायचा. काकूंच्या कपाटाच्या दारावरून काढलेला, पाऱ्याला एका कोपऱ्यात डाग पडलेला. तो आरसा मी उन्हात धरायचा आणि कवडसा दगडावर तिरपा पाडायचा. तिरप्या उजेडात दगडाच्या अंगावरचे वळ दिसतात, हातानं घडवला की नुसता झिजला ते कळतं. मी आरसा धरून उभी आणि हे दगडाशी नाक लावून. बराच वेळ बघून मग जीभ. ओला झाला की दगडाचा पोत दिसतो, असं त्यांचं म्हणणं. पाण्याची बाटली सोबत असायची, ती का वापरत नाहीत विचारलं तर म्हणाले, "पाण्याला चव कळते का?"

मला त्या टेकडीत गोडी वाटत नव्हती हे खरं सांगते. मला त्यांच्यात वाटायची. एवढं वय झालेला माणूस एका गोष्टीसाठी असा हपापलेला मी दुसरा पाहिला नाही.

पावसाळा सरला की टेकडीच्या पायथ्याशी मेंढरांचा वाडा पडायचा. धनगरांची दोन-तीन बिऱ्हाडं, घोडी, कुत्री, जाळ्यांच्या वाघरी लावून कोंडलेली मेंढरं. त्यातली एक बाई आमच्या ओळखीची झाली होती. सगळे तिला आक्का म्हणायचे. उन्हानं रापलेली, कमी बोलणारी. तिचा मुलगा मेंढरं राखायचा, मोबाइलवर गाणी लावून. आक्का आम्हाला मेंढीच्या दुधाचा चहा द्यायची आणि मास्तर तिला तेच तेच विचारायचे.

"आक्का, ती वरची रिंगणं कुणाची?"

"म्हाताऱ्यांची."

"कुठल्या म्हाताऱ्यांची? तुमच्या?"

"आमच्या नाय. जुन्या."

"किती जुन्या?"

"आमाला काय ठावं मास्तर. च्या घ्या."

एवढ्यावरसुद्धा मास्तर दिवसभर खूश असायचे. "बघ, थडगी म्हणत नाही, म्हाताऱ्यांची म्हणते," मला कोपरानं ढोसून सांगायचे.

एक गोष्ट मात्र त्यांना छळायची. काही वर्तुळांच्या मधोमध एक लहान, चपटा दगड असायचा, पांढरट झालेला. तो जुन्या माणसांचा नव्हता हे उघड होतं. मोठ्या वर्तुळातही एक होता. मास्तरांनी त्याला आरसा दाखवला, नाक लावलं, शेवटी जीभ लावली. डोळे मिटून थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "खारट आहे. मिठाचे दगड आहेत हे. धनगर मेंढरांना मीठ चाटवायला असा चपटा दगड मांडतात. आतल्या आत आडोसा मिळतो म्हणून इथं मांडलेत."

मला ते पटलं. मेंढरांना मीठ देतात हे मीही पाहिलं होतं. उतरताना त्यांनी आक्काला मोठ्या ऐटीत सांगितलं, "आक्का, तुमचे मिठाचे दगड ओळखले बरं का मी."

आक्का चहाचं भांडं घासत होती. तिचा हात थांबला. मग परत घासू लागली. "व्हय," ती म्हणाली, "मिठाचंच."

त्याच हिवाळ्यात टेकडीच्या पायथ्याला लाल झेंड्या लागल्या. जळगावचा रस्ता रुंद करायचा होता, खडी हवी होती, आणि ही टेकडी कुणाच्या डोळ्यांत भरली. क्रशर बसणार होता. मास्तरांनी झेंडी पाहिली आणि तिथंच खाली बसले. मला वाटलं, चक्कर आली. पाणी दिलं तर पिईनात.

त्यानंतर ते दगडांऐवजी कचेऱ्या चाटू लागले, असं काकू म्हणायच्या. अर्ज, नकाशे, फोटो. एवढा भिडस्त माणूस, पण साहेबाच्या दारात दिवसदिवस बसून राहायचा. दगड आहेत म्हणजे काय आहे, असं जो तो विचारायचा. टेकडीवर दगड नसणार तर काय असणार? शेवटी जुन्या वास्तूंच्या खात्यातला एक तरुण अधिकारी भेटला. सभ्य होता. त्यानं टेकडी येऊन पाहिली, चपला सांगायच्या आधी काढल्या, आणि स्पष्ट सांगितलं, "सर, नुसत्या दगडांवर मला काही वाचवता येणार नाही. खाली काही मिळालं पाहिजे. लोखंड, खापर, काहीही जुनं. एका खड्ड्याची परवानगी आणतो. जागा तुम्ही निवडा."

मास्तरांनी मोठं वर्तुळ निवडलं. दुसरं कुठलं निवडणार? सगळ्यांत सबंध, सगळ्यांत देखणं तेच होतं.

त्या दिवशी निघताना काकूंनी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. मास्तरांनी धुतलेला सदरा घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं. अधिकाऱ्यानं जीप आणली होती. वाड्यावर कुणी दिसलं नाही. मेंढरं घेऊन सगळे पलीकडच्या अंगाला गेलेले.

वर गेल्यावर त्यांनी मजुरांनाही चपला काढायला लावल्या. मोठ्या वर्तुळात दोरी लागली. मधला पांढरा दगड आड येत होता. "मिठाचा आहे, बाजूला ठेवा," मास्तर म्हणाले, आणि मग स्वतःच वाकून तो उचलला आणि वर्तुळाबाहेर गवतावर ठेवला.

माती मऊ लागली. मास्तर हरखले. "हललेली माती आहे. कुणीतरी खणलेलं आहे," ते अधिकाऱ्याला म्हणाले. मी आरसा धरून खड्ड्यात उजेड पाडत होते. मजूर खुरप्यानं हलक्या हातानं काढत होता. हातभरही गेला नसेल, तोच तो थांबला आणि त्यानं अधिकाऱ्याकडं पाहिलं.

मणी होते. काळे आणि पांढरे, प्लॅस्टिकचे. तान्ह्या बाळाच्या मनगटाला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसे. दोरा कुजून गेला होता, तरी मणी गोलच पडले होते, मनगटाभोवती असावेत तसे. आणि त्या गोलात हाडं होती, काडेपेटीतल्या काड्यांएवढी. मी आरसा खाली घेतला.

"सर," अधिकारी हळूच म्हणाला, "हे अलीकडचं आहे."

मास्तरांना आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "पण माती..." आणि तिथंच थांबले.

आक्का कधी आली ते आम्हाला दिसलं नाही. जीप पाहून ती उतार चढून धावत आली असणार, तिला धाप लागली होती. पण वर्तुळाबाहेर तिनं टायरच्या जाड चपला आधी काढल्या. गवतात पडलेला तो पांढरा दगड उचलला आणि पदरात धरला.

"मास्तर," ती म्हणाली, "ते माझं हाय."

अधिकाऱ्याला वाटलं, दगडाबद्दल बोलतेय. "न्या की बाई, तुमचा असेल तर," तो म्हणाला. आक्कानं खड्ड्याकडं मान केली. "ह्यो नव्हं. ते. माझं पहिलं."

मास्तर खाली बसले. माती लागलेला हात तसाच पुढं धरलेला. त्यांनी विचारलं, "आक्का, इतक्या वेळा विचारलं. बोलली का नाहीस?" एरवी ते तिला अहोजाहो करायचे. तेव्हा त्यांचं भान सुटलं होतं.

"बोलत नसत्यात," आक्का म्हणाली. "दात यायच्या आधी गेलं तर त्याचं नाव काढत नाय आमच्यात. ठेवल्यालंच नसतंय. ठिवून आलं की मागं वळून बी बघायचं नाय."

"पण इथं का? ह्या रिंगणात?"

"मग कुटं? गावच्या मसणात आमाला कोन जागा देतंय? आन् आमी आज हितं, उद्या तिकडं. लेकराला एकटं कसं टाकून जावं? हितं म्हातारी मान्सं हायती. आमची नायती, पर हायती. लई जुनी. माझ्या सासूचं बी एक हाय तिकडच्या रिंगणात. म्हाताऱ्यांच्या मांडीवर द्यायचं आन् जायाचं."

तेवढ्यात खड्ड्यात उतरलेला अधिकारी गुडघ्यावर बसला. त्याचा आवाज बदलला. "सर, हे बघा. मॅडम, जरा उजेड द्या."

मी आरसा धरला. त्या इवल्याशा हाडांच्या अगदी खाली, मातीतून एका मोठ्या शिळेची कड दिसत होती. काळी, घडवलेली, तिरप्या उजेडात टाकीचे घाव स्पष्ट. ते लेकरू त्या शिळेवर निजवलेलं होतं.

"झाकणाची शिळा आहे ही," अधिकारी म्हणाला. "तुमचं खरं आहे सर. खाली जुनं दफन असणार. हे बाळाचं मी स्वतः नीट कापडात घेतो, आजच्या आज परत ठेवू. शिळा जराशी सरकवली की झालं. टेकडी वाचेल."

मास्तर पालथे झोपले आणि खड्ड्यात हात घालून त्यांनी त्या शिळेच्या कडेला बोटं लावली. बराच वेळ तसेच राहिले. मी त्यांच्या बोटांकडं बघत होते. एरवी ते बोट तोंडात गेलं असतं. त्यांनी ते गवताला पुसलं, परत परत पुसलं, आणि आक्काकडं पाहिलं. "आक्का, उचललं तर?"

आक्का रडत नव्हती. पदरातला दगड तिनं पोटाशी धरला होता. "तुमचं काम असंल तर उचला," ती म्हणाली. "मी काय म्हननार? तुमी इतकी वर्सं येताय."

ती नको म्हणाली असती तर सोपं झालं असतं. तिनं सगळं त्यांच्यावर टाकलं.

मास्तर उठले, सदरा झटकला आणि म्हणाले, "बुजवा."

"सर!" अधिकारी ओरडलाच. "अहो, मग मला जे मिळालं तेच लिहावं लागेल. अलीकडचं दफन. टेकडी जाईल. आणि टेकडी गेली की हे बाळही जाईल. राहतंय काय तुमच्या हातात?"

"मला माहीत आहे."

"मग?"

"माझ्या हातानं नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतः ओंजळीनं माती ढकलायला सुरुवात केली. शेवटी आक्कानं पदरातला दगड त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो होता तिथं ठेवला. तेव्हा मी जवळून पाहिलं. चुना लावलेला होता तो. मिठाचा त्याच्याशी कधी संबंधच नव्हता.

मला त्यांचा संताप आला होता. आजही येतो. मी गणित शिकवते. दोन्ही बाजूंनी नुकसान असेल तर कमी नुकसानीची बाजू घ्यावी, एवढी साधी गोष्ट. अधिकाऱ्याचा शब्दन् शब्द बरोबर होता. परतीच्या वाटेवर मी त्यांना तसं सुनावलंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू निजलेल्या लेकराला हलवलंस का कधी?" मी म्हटलं, हा काही मुद्दा नाही. ते म्हणाले, "नाहीच."

त्या अधिकाऱ्यानं जे होतं तेच लिहिलं. शिळेची कडही लिहिली, पण उघडून न पाहिलेल्या शिळेला कुणी विचारत नाही. टेकडी फोडायची परवानगी निघाली. मास्तरांनी आक्काच्या मुलाला फोन केला. तोवर बिऱ्हाडं गोदावरीकडं सरकली होती. तुमचं घेऊन जा, अजून वेळ आहे, असं सांगितलं. पोरानं आईला विचारून उलट फोन केला. "आई म्हनती, एकदा मांडीवर दिल्यालं परत मागत नसत्यात."

मग क्रशरवाल्याच्या हातापाया पडणं झालं. एवढं एक रिंगण सोडा, बाकी न्या. तो बरं म्हणाला. वाईट माणूस नसावा, पण सुरुंगाला रिंगण कळत नाही.

घरी मास्तर उठसूट चूळ भरायचे. जेवायच्या आधी, जेवल्यावर, वर्तमानपत्र वाचता वाचता उठून. काकूंनी मला एकदा जिन्यात गाठून विचारलं, "काय गं, तोंडाला काही झालंय का ह्यांच्या? दाखवत नाहीत, सांगत नाहीत." मी काय सांगणार? तो पांढरा दगड त्यांनी डोळे मिटून चाटला होता आणि त्यांना खारट लागला होता, हे मला आठवत होतं. अंगणात दगड येणं थांबलं. मी क्लासवरून आले की फाटकात ते उभे असायचे, पण पायाखाली काय आलं हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी आपणहून एकदा सांगायला गेले, तर आत निघून गेले.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांनी एका रविवारी हाक मारली. "येतेस?"

रस्ता झाला होता. रुंद, काळाभोर, मधोमध पांढरे पट्टे. आमची एसटी नुसती सरकत गेली. टेकडीचा अर्धा भाग राहिला होता, त्याची तांबडी बाजू उघडी पडलेली. मोठं वर्तुळ जिथं होतं तिथं आता हवा होती. क्रशर पुढं कुठंतरी गेलेला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे असताना मेंढरं दिसली. बिऱ्हाडं परत येत होती. घोडी, कुत्री, मागं आक्का.

ती आमच्याजवळ येऊन थांबली. टेकडीकडं पाहत राहिली. तिला फोनवरून सगळं कळलेलं होतं, पण कळणं वेगळं. मग तिनं विचारलं, "मास्तर, कुटं गेलं?"

आयुष्यभर ज्यानं दिसेल त्याला खडी कुठली म्हणून विचारलं, त्या माणसाला कोणी पहिल्यांदा उलट विचारत होतं. त्यांना उत्तर येत होतं. त्यांनी ते हातानं दाखवलं. आधी टेकडी, मग हात हळूहळू खाली आणत समोरचा रस्ता.

आक्का त्या रस्त्याकडं बघत राहिली. दोन मोटारी सुसाट गेल्या. लेण्यांकडं जाणारी एक मोठी बस गेली. आम्हाला वाटलं, ती आता आक्रोश करेल. तिनं तोंडानं लांब हाळी घातली. पुढची मेंढरं डांबरावर चढली होती, ती थबकली. तिनं धावत जाऊन काठीनं ती खाली वळवली, रस्त्याकडेच्या चरात. तिथं बाभळीचे काटे, फुटक्या बाटल्या, साचलेलं पाणी.

"आई, रस्ता मोकळा हाय की!" पुढून मुलगा ओरडला.

"त्याच्यावरनं न्यायची नाय!" ती ओरडली. तिचा आवाज फाटला. "एक बी पाय पडाया नगो!"

सगळा कळप चरात उतरला. मास्तरांनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मेंढरांच्या मागून काट्यांतून चालू लागले. मला त्यांनी काही सांगितलं नाही. मीही काढल्या. वाडा पडायच्या जागेपर्यंत आम्ही तसेच गेलो.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. काकूंनी आरसा कपाटाच्या दाराला परत बसवून घेतला आहे. त्यात त्या भांग पाडतात आणि म्हणतात, "बाई, किती ओरखडे पडलेत गं ह्याला." मी अजून त्यांच्या वरच्याच खोलीत आहे.

माझी बहीण जळगावला दिली आहे, म्हणून मला त्या रस्त्यानं जावं लागतं. मागच्या महिन्यात फर्दापूरच्या पुढं मेंढरं दिसली. चरातून चाललेली, आणि शेजारी एवढा मोठा रस्ता मोकळा पडलेला. काठी घेऊन आक्काचा मुलगा होता, आक्का दिसली नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाई खिडकीतून वाकून बघत म्हणाल्या, "कमाल आहे. एवढा छान रस्ता सोडून काट्यांतून का नेतात हो हे लोक?"

मी पाय चपलांतून काढून सीटवर जवळ घेतले, आणि तो रस्त्याचा तुकडा संपेपर्यंत खाली सोडले नाहीत.